कृतीबरोबर वाटीही जपावी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोचच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वान बोलत आले आहेत. आम्ही पडलो कारखानदार, आणि कारखाना तरी केवढा? दोन खोल्यांचा. तथापि आपल्या घराघरांतून आज अनेक मुले-मुली अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहेत, आणि आमच्यासारखे छोटे उद्योग चालविणारेही समाजात थोडे नाहीत. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीपासून त्यांनी काही बोध घ्यावा, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

विषय यंत्राचा आहे; परंतु आरंभ स्वयंपाकघरापासून करतो. लेक सासरी निघाली की आई तिला गोडा मसाला, भाजणी, लोणची यांच्या कृती वहीत उतरवून देते. ‘धने चार वाट्या, खोबरे एक वाटी, मंद आचेवर भाजावे.’ लेक सासरी जाऊन अक्षरशः तसेच करते आणि मसाला वेगळाच होतो. वहीत चूक नसते आणि लेकीच्या हाताचाही दोष नसतो. आईची वाटी माहेरी राहिलेली असते. ती वाटी केवढी, कढई कोणती, ‘मंद आच’ म्हणजे किती, हे वहीत कोणी लिहीतच नाही. कारण लिहिणारीच्या दृष्टीने ते गृहीतच असते. आजच्या व्याख्यानाचे सार इतकेच की कृतीबरोबर वाटीही दिली पाहिजे. आता हे यंत्राच्या बाबतीत कसे लागू पडते ते सांगतो.

आपल्या धुलाईयंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, मोटारगाडीत नखाएवढा एक संगणक बसविलेला असतो. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. आम्ही जो वापरतो तो ‘एटीमेगा ३२८पी’ या नावाचा. त्यात आज्ञा साठविण्यास जागा ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. देवनागरीतील एक चिन्ह साठविण्यास सामान्यतः तीन बाइट लागतात. तेव्हा आमचे हे व्याख्यानसुद्धा त्यात पुरते मावेल असा भरवसा नाही. एवढ्याशा जागेत जी आज्ञावली कायमची बसविली जाते तिला फर्मवेअर म्हणतात.

ही आज्ञावली मनुष्य लिहितो ती बहुधा ‘सी’ या भाषेत. त्या चिपला ती भाषा कळत नाही. तिला केवळ अंक कळतात. मनुष्याच्या लिखाणाचे यंत्राच्या अंकांत रूपांतर करणारे जे साधन, त्यास कंपाइलर म्हणतात. लिखाण ही कृती, कंपाइलर ही वाटी, आणि चिपमध्ये जाते तो तयार मसाला, असा हा मेळ आहे. एकच लिखाण दोन भिन्न कंपाइलरांतून, किंवा एकाच कंपाइलरातून दोन भिन्न सूचना देऊन काढले, तर तयार होणारे अंक भिन्न असतात. दोन्ही आपापल्या परीने बरोबर असू शकतात. परंतु एक नसतात.

आता आमची हकीकत. २०१४ साली आम्ही व आमचे एक भागीदार मिळून शेतीपंपासाठी स्वयंचलित स्विच तयार करू लागलो. शेतकरी त्यास ‘ऑटो’ म्हणतात. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्रीच्या पाळीने मिळे. मध्यरात्री उठून विंचू-काट्यातून विहिरीपर्यंत जाऊन मोटर सुरू करणे हा जिवाशी खेळ होता. वीज आली की व्होल्टेज पाहून, तिन्ही फेज पाहून मोटर आपोआप सुरू करावी, आणि विहिरीतले पाणी संपले किंवा विद्युत्प्रवाह वाजवीपेक्षा वाढला तर बंद करावी, असे हे यंत्र. जोडणी व विक्री आम्ही पाहत असू. आज्ञावली सर्वस्वी भागीदारांची. त्यांच्या संगणकावर ते ती लिहीत, तेथेच कंपाइल करीत, आणि तयार फाईल आमच्या हाती देत. मूळ लिखाणाची एक प्रतही त्यांनी आम्हांस पेनड्राइव्हवर दिली होती. म्हणाले होते, “ही तुमच्यापाशी असू द्या. उद्या माझे काही झाले तर अडायला नको.” आम्ही हसून ती कपाटात ठेवली.

२०२१ साली करोनाच्या साथीत ते गेले. बारा दिवसांत होत्याचे नव्हते झाले. त्यांचा संगणक त्यांच्या घरी धूळ खात पडला होता. पुढे चालू करून पाहिला तेव्हा त्याची डिस्क निकामी झाली होती. आम्हांस फारशी चिंता वाटली नाही, कारण लिखाण आमच्यापाशी होते. कृतीची वही हाती असताना वाटीची आठवण कोणास होते?

२०२२ साली एका गावच्या शेतकऱ्यांनी निरोप धाडला की त्यांच्याकडे व्होल्टेज कमीच असते, तेव्हा ‘ऑटो’ची खालची मर्यादा ३५० व्होल्टऐवजी ३३० करून द्यावी. बदल तो केवढा? एका ओळीतील एक अंक. आम्ही नव्या संगणकावर नवा कंपाइलर घेतला, अंक बदलला, फाईल तयार केली आणि कारखान्यात दिव्यांचा भार लावून तपासली. ३३० व्होल्टला यंत्र बरोबर चालले. सहा शेतकऱ्यांच्या यंत्रांत ती आज्ञावली भरून आम्ही समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मोटर सुरू होते, लागलीच बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. रात्रभर हा खेळ चालून एका शेतकऱ्याची मोटर जळाली होती. आम्ही धावत गेलो. रोपांना पाणी नाही, आणि विहिरीच्या काठावर मोटर वर काढून ठेवलेली. तो गृहस्थ आरडाओरडा न करता इतकेच म्हणाला, “साहेब, आठ वर्षं चाललं. तुम्ही हात लावला आन् बिघडलं.” आम्ही मोटर पुन्हा भरून दिली, परंतु ते शब्द कानातून गेले नाहीत, कारण ते अक्षरशः खरे होते.

दोष काय होता? मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे सर्व मोटर-मेकॅनिकांस ठाऊक आहे. त्यासाठी मोटर सुरू केल्यावर थोडा वेळ थांबून मग प्रवाह मोजावयाचा असतो. आमच्या भागीदारांनी ही ‘थांबण्याची’ आज्ञा अशी लिहिली होती की एकपासून अमुक लाखांपर्यंत मोज आणि दुसरे काही करू नकोस. मोजण्यात जो वेळ जाईल तीच विश्रांती. जुन्या संगणकावर कंपाइलरला ‘जसे लिहिले आहे तसेच उतरव’ अशी सूचना होती. आमच्या नव्या संगणकावर सूचना होती ती ‘शक्य तेवढे आटोपशीर कर’ ही. एखादा नवा हुशार कारकून जुन्या चोपडीतील निरर्थक वाटणारी ओळ खोडून टाकतो, तसे नव्या कंपाइलरने केले. नुसते मोजून निष्पन्न काहीच होत नाही, हे पाहून त्याने ते मोजणेच गाळले. विश्रांती नाहीशी झाली. सुरुवातीचा मोठा प्रवाह यंत्रास बिघाड वाटू लागला. दिव्यांच्या भारावर हे कळले नाही, कारण दिवा मोटरीसारखा सेकंदभर प्रवाह ओढत राहत नाही.

विश्रांतीसाठी अशी मोजणी लिहावी हे मुळात योग्य नव्हे; चिपमध्ये त्यासाठी स्वतंत्र टायमर असतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्यांचा दोष काढावयाचा ते आता उत्तर देण्यास नव्हते. आणि खरा अपराध आमचा होता. कंपाइलर कोणता आणि त्याला सूचना कोणती, हे दोन्ही केवळ त्यांच्या संगणकावर होते, लिखाणात नव्हते. आम्ही ते कधी विचारले नाही.

या संकटातून वाट काढताना आम्हांस ज्या साधनाचा उपयोग झाला त्याचे नाव कंटेनर. हे नाव बंदरातून आले आहे. पूर्वी जहाजात माल भरताना प्रत्येक पोते, प्रत्येक पिंप, प्रत्येक गठ्ठा हमालांच्या हातून वेगवेगळा चढे; मुंबईच्या गोदीत आपल्या कोकणातील व देशावरील किती माणसांनी हे कष्ट उपसले ते सांगावयास नको. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. माल पेटीत एकदाच भरावा, आणि मग जहाज असो, रेल्वे असो वा ट्रक, पेटी न उघडता पुढे जावी, ही ती कल्पना. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात अशा पेट्यांच्या रांगा आपणांपैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील.

संगणकातील कंटेनर याच तत्त्वावर चालतो. कंपाइलर, त्याला लागणारी सर्व उपसाधने आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या एका बंद गठ्ठ्यात ठेवतात. त्या गठ्ठ्यास इमेज म्हणतात. त्या इमेजवरून चालू केलेले काम म्हणजे कंटेनर. आतील कंपाइलरला आपले फोल्डरांचे जग वेगळे दिसते. यजमान संगणकावर काय नवे-जुने आहे याची त्यास गंधवार्ता नसते. मात्र संपूर्ण दुसरा संगणक उभा करण्याचा भार पडत नाही, कारण संगणकाचा मूळ गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, तो सर्वांचा समाईक असतो. एकाच वाड्यात स्वतंत्र बिऱ्हाडे असावीत, चुली वेगळ्या पण पाया एक, असे समजावे.

ही कल्पना एका दिवसात जन्मली नाही. प्रोग्रामला फोल्डरांचा मर्यादित भागच दिसावा ही सोय युनिक्समध्ये १९७९ साली आली. प्रत्येक बिऱ्हाडास किती साधनसंपत्ती द्यावी याचे नियमन गूगलमधील पॉल मेनेज व रोहित सेठ या अभियंत्यांनी सुरू केले आणि ते २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाले. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ लोकांपुढे मांडले आणि हे साधन सामान्य कारागिराच्या आटोक्यात आले. गोदीत काम करणारा तो डॉकर, हे नावावरून कळतेच.

आम्ही काय केले ते आता सांगतो. प्रथम पहिल्या खेपेतील, न बदललेले एक यंत्र परत मागविले आणि त्याच्या चिपमधील अंक एव्हीआरड्यूड या साधनाने जसेच्या तसे वाचून घेतले. सुदैवाने चिपला कुलूप घातलेले नव्हते. हा आमचा मूळ नमुना. आता कोणता कंपाइलर आणि कोणती सूचना वापरली असता पेनड्राइव्हवरील लिखाणातून नेमके हेच अंक निघतात, ते शोधावयाचे. भागीदार उबुंटू वापरीत, इतके आम्हांस ठाऊक होते. तेव्हा उबुंटूच्या १२.०४ आणि १४.०४ या त्या वेळच्या दोन आवृत्त्यांचे कंटेनर तयार केले, प्रत्येकात त्या आवृत्तीबरोबर मिळणारा कंपाइलर बसविला, आणि पाच निरनिराळ्या सूचना देऊन पाहिल्या. एकूण दहा प्रयोग. आमच्या मुख्य संगणकाला यत्किंचितही धक्का लागला नाही. एक कंटेनर मोडावा, दुसरा उघडावा. पूर्वीच्या रीतीने हे करावयाचे तर प्रत्येक वेळी संगणक नव्याने मांडावा लागता.

नऊ प्रयोगांत अंक कोठेच जुळले नाहीत. १४.०४ आणि ‘जसे लिहिले तसे उतरव’ या जोडीत सर्व अंक जुळले. फक्त मध्येच एके ठिकाणी काही बाइट वेगळे होते. हे बाइट कसले म्हणून आम्ही ते अक्षरांत उलगडून पाहिले. ती तारीख होती. यंत्राची तपासणी करताना आवृत्ती ओळखता यावी म्हणून कंपाइल करण्याची तारीख व वेळ आपोआप नोंदण्याची सोय भागीदारांनी केली होती. आमच्या फाईलमध्ये २०२२ सालची तारीख होती. जुन्या चिपमध्ये होती ९ नोव्हेंबर २०१४, रात्रीचे ११ वाजून ४१ मिनिटे.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पहिला माल गावी जावयाचा होता, आणि हे गृहस्थ मध्यरात्रीपर्यंत जागून शेवटची दुरुस्ती करीत होते. सकाळी फाईल हाती देताना जागरणाचा त्यांनी उच्चारही केला नव्हता. आठ वर्षे ती वेळ एका विहिरीच्या काठावर, उन्हापावसात, चिपच्या पोटात जपून राहिली होती. बंधु-भगिनींनो, त्या दिवशी आम्ही पुढे काही काम केले नाही.

असो. वाटी सापडली. त्याच कंटेनरात, त्याच सूचनेने, केवळ तो एक अंक बदलून फाईल केली. दोन फाईलींत बदल तेवढाच आहे याची खात्री करून, आणि या खेपेस दिव्यांवर नव्हे तर खऱ्या मोटरीवर तपासून, सहाही यंत्रांत भरली. ती आजही चालू आहेत. पुढे सवडीने विश्रांतीची आज्ञा टायमरवर नेली. आधी जसेच्या तसे उभे करावे, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा क्रम आम्ही या प्रकरणात शिकलो.

आता तरुणांसाठी काही व्यावहारिक सूचना. इमेज कशी बांधावयाची याची कृती ज्या फाईलमध्ये लिहितात तिला डॉकरफाईल म्हणतात. कोणत्या मूळ प्रणालीवर आरंभ करावा, कोणती साधने बसवावीत, हे तीत ओळीने लिहावे. मूळ लिखाणाचे फोल्डर बाहेरून जोडावे आणि तयार फाईल बाहेरच्या फोल्डरात उतरवावी. कंटेनर मोडला तरी काही जात नाही. कंपाइलरला द्यावयाच्या सूचना कोणाच्या स्मरणात किंवा संपादकाच्या खिडकीत न ठेवता लिखाणाबरोबरच्या फाईलमध्ये नोंदवाव्यात.

दुसरे, ‘लेटेस्ट’ या चिठ्ठीवर विसंबू नये. ती चिठ्ठी आज एका इमेजवर असते, उद्या दुसऱ्या. प्रत्येक इमेजला तिच्या आशयावरून काढलेला ६४ चिन्हांचा एक ठसा असतो. तो लिहून ठेवला म्हणजे नेमकी तीच इमेज मिळते.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नुसती डॉकरफाईल जपणे म्हणजे पुन्हा नुसती वहीच जपणे होय. तीत ‘कंपाइलर आणून बसव’ असे लिहिलेले असते. परंतु कालांतराने जुन्या आवृत्त्यांची भांडारे नेहमीच्या जागेवरून हलवून जुन्या संग्रहात टाकतात, आणि मग ती ओळ चालत नाही. यास्तव बांधून तयार झालेली इमेजच फाईलरूपाने उतरवून दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवावी. आम्ही एक प्रत भागीदारांच्या घरी ठेवली आहे.

चौथे, तारीख-वेळ आपोआप नोंदविण्याची सोय आम्ही जड अंतःकरणाने काढली आणि त्याऐवजी आवृत्तीचा क्रमांक हाताने लिहू लागलो. त्यामुळे आज आणि दहा वर्षांनी केलेली फाईल अगदी एकसारखी निघते, आणि दोघांनी दोन ठिकाणी करून ठसे जुळविले की खात्री पटते.

पाचवे, चिपमध्ये फाईल भरण्याचे काम आम्ही कंटेनरबाहेरच करतो. लिनक्सवर यूएसबीची जोडणी आत देता येते. अन्य प्रणालींवर ते कटकटीचे होते. कंटेनराने फाईल करावी, एवढेच त्याचे काम.

शेवटची सूचना विश्वासाची. अनोळखी माणसाने बांधलेली इमेज डोळे मिटून घेऊ नये. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात दाखवून दिले की लिखाण निर्मळ असूनही कंपाइलरच लबाड असेल तर तयार मालात चोरवाट राहू शकते. आज एस्प्रेसिफसारखे चिप-निर्माते आणि झेफरसारखे प्रकल्प स्वतःच अशा इमेज पुरवितात. त्या घ्याव्यात, अथवा आपली आपण बांधावी.

बंधु-भगिनींनो, आमचे म्हणणे संपत आले. आपल्या वाडवडिलांनी विद्या जपली ती लेकरांना शेजारी बसवून, हात धरून शिकवून. त्यात कृती आणि वाटी दोन्ही एकदमच पुढे जात. आता लेकरू पुण्यात, काम परदेशात आणि गुरू दुसऱ्याच गावी असतो. केवळ लिखाण तेवढे इकडून तिकडे जाते. तेव्हा जे पूर्वी न लिहिता पोहोचत असे, ते आता जाणूनबुजून पोहोचते करावे लागेल. ज्यांची कामे एकाच माणसाच्या संगणकावर अडकलेली आहेत, त्यांनी या स्नेहसंमेलनातून घरी गेल्यावर त्या माणसाजवळ तासभर बसावे आणि त्याची वाटी मागून घ्यावी. तो हसेल, आम्हीही हसलो होतो. तरीही मागावी.